गिऱ्हाईक घरी गेलं

ही बातमी तुम्ही वाचलेली आहे. या आठवड्यात नसेल वाचली, तर पुढच्या आठवड्यात वाचाल. खबऱ्याकडून माहिती मिळाली, सापळा रचला, बनावट गिऱ्हाईक पाठवलं, इशारा मिळताच पथक आत शिरलं, तीन पीडित महिलांची सुटका. शेवटची ओळही पाठ झालेली: मुख्य आरोपी फरार, पुढील तपास सुरू.

फोटोही तोच. ओढणीनं तोंड झाकून, मान खाली घालून बसलेल्या बायका आणि मागे ओळीनं उभं पथक.

त्या फोटोत खरं गिऱ्हाईक कधी पाहिलंत?

छापा पडला तेव्हा ते तिथंच होतं. बाजूच्या खोलीत, जिन्यात, दाराशी. त्याचं नाव लिहून घेतलं, फार तर साक्षीदार म्हणून जबाब घेतला आणि त्याला जाऊ दिलं. रात्रीच्या जेवणाला ते घरी पोचलं. जिची सुटका झाली ती मात्र त्या रात्री घरी गेली नाही.

हा कायदा नेमका कुणाविरुद्ध चालतो, हे कळायला जाडजूड अहवाल लागत नाहीत. छाप्यानंतर कोण केव्हा घरी पोचलं, एवढं विचारा.

आधी कायदा पाहू. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६. पोलीस ठाण्यात आणि वस्तीत त्याला सगळे 'पिटा' म्हणतात. हा कायदा वेश्याव्यवसायावर बंदी घालत नाही. सज्ञान बाईनं स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या खोलीत, एकटीनं हे काम केलं तर तो गुन्हा नाही. गुन्हा आहे कुंटणखाना चालवणं, त्यासाठी जागा देणं, मुली आणणं, डांबून ठेवणं, दुसरीच्या कमाईवर जगणं, सार्वजनिक जागेजवळ धंदा करणं आणि गिऱ्हाईक बोलावणं.

यादी वाचताना पटते. राबवताना तिच्यातल्या शेवटच्या दोन गोष्टीच आधी हाताला लागतात. दलालाला शोधावं लागतं, मालकाच्या मागे कागदपत्रं काढत जावं लागतं, मुली आणणाऱ्याच्या मागे दुसऱ्या राज्यात जावं लागतं.

बाई दारातच उभी असते.

कलम ८ बघा. गिऱ्हाईक बोलावणं. तोंडानं बोलावलंच पाहिजे असं नाही. खिडकीत किंवा गॅलरीत बसून अंगप्रदर्शन करणं, खाणाखुणा करणं हेही त्यात येतं. बाईनं केलं तर पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. हेच पुरुषानं केलं तर कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन महिने. तिची कमाल मर्यादा त्याच्या दुप्पट. १९८६ साली दुरुस्ती झाली तेव्हा कायद्याच्या नावातून 'स्त्रिया व मुली' हे शब्द गेले.

शिक्षेतून ती गेली नाही.

आता कलम ७. देऊळ, मशीद, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून २०० मीटरच्या आत धंदा केला तर गुन्हा. पुण्याच्या बुधवार पेठेत उभं राहा. दगडूशेठ गणपती इथं, तांबडी जोगेश्वरी इथं, दवाखाने इथं, शाळा इथं. २०० मीटरची दोरी घेऊन फिरवा. पेठेतला एखादा जिना वर्तुळाबाहेर राहिला तरच नवल. मुंबईत कामाठीपुऱ्यात फिरवा, तेच. आपल्या गावांत दोनशे मीटरमध्ये देऊळ नाही, मशीद नाही, शाळा नाही अशी जागा कुठली उरते?

हे कलम रोज लावलं तर वस्ती आठवड्यात बंद होईल. कधीच लावलं नाही तर कलम कशाला? म्हणून ते मर्जी असेल तेव्हा लागतं. साहेब बदलले की लागतं. सणाच्या बंदोबस्तात लागतं. शेजारच्या इमारतीचा भाव वाढला की लागतं. आणि जे मर्जीवर लागतं, ते न लावण्याची किंमत ठरते.

वस्तीत तिला हप्ता म्हणतात.

याच कलमात एक गोष्ट आहे जी बातम्यांत कधी दिसत नाही. २०० मीटरच्या आत धंदा करणारी जेवढी गुन्हेगार, तेवढाच तिच्याबरोबर असलेला माणूसही. कायद्यानं दोघांना एकाच वाक्यात ठेवलंय, तीन महिन्यांपर्यंतची कैद दोघांना सारखी. बुधवार पेठेत छापा पडला की गिऱ्हाईकही आत जायला हवं. मग ते साक्षीदार होऊन घरी कसं जातं?

अधिकाराचंही तसंच. वॉरंटविना अटक करायची तर विशेष पोलीस अधिकारी लागतो, किंवा त्याचा हुकूम. हा अधिकारी निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा चालत नाही. कायदा करणाऱ्यांना धोका कळत होता, म्हणून त्यांनी हा अधिकार साध्या शिपायाच्या हातात दिला नाही. पण वस्तीत रोज येतं कोण? बीटवरचा हवालदार. त्याच्या हातात दुसरा कायदा आहे, महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम ११०. सार्वजनिक जागी असभ्य वर्तन. बायकांना गाडीत घालून नेतात, कोर्टात उभं करतात, दंड भरून सोडतात. आणि दंड भरलेली बाई त्या रात्री जास्त वेळ उभी राहते, कारण दंडाचे पैसे तिथूनच काढायचे असतात.

कुंटणखान्याची व्याख्या वाचलीत कधी? दोन किंवा जास्त बायका एकमेकींच्या फायद्यासाठी जी जागा वापरतात, तो कुंटणखाना. म्हणजे दोघींनी मिळून खोली घेतली, भाडं वाटून घेतलं, एक आत असताना दुसरी बाहेर लक्ष ठेवून बसली, तर ती जागा कुंटणखाना. एकटी राहिली तर गुन्हा नाही.

एकटी राहिली तर मरते. दारू प्यालेलं गिऱ्हाईक गळा धरतं तेव्हा भिंतीपलीकडं कुणी असावं लागतं.

जागा भाड्यानं देणाराही गुन्हेगार, त्यामुळे तिच्या नावानं भाडेकरार करायला कुणी तयार होत नाही. मग ती कुठं जाते? कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीकडं. घरवाली रोजाच्या हिशेबानं खाट देते, वर व्याजानं उचल देते, ठाण्याशी बोलणीही तीच करते. कायद्याला घरवाली संपवायची होती. कायद्यानंच बाईला तिच्या दारात आणून सोडलं.

आणि मुलगा? कलम ४ सांगतं, अठरा वर्षांवरच्या कुणीही जाणूनबुजून वेश्येच्या कमाईवर जगणं हा गुन्हा. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे दलालासाठी लिहिलंय, सगळ्यांना माहीत आहे. पण शब्द 'कुणीही' असा आहे. आईच्या पैशावर कॉलेजात जाणारा एकोणीस वर्षांचा मुलगा त्या शब्दात बसतो. गावाकडं मनीऑर्डरची वाट पाहणारी म्हातारीही बसते. वस्तीत रोज येणाऱ्या सावकाराला त्यात कुणी बसवलेलं मी ऐकलेलं नाही.

आता छापा. कागदावर तो फार जपून लिहिलाय. झडतीला त्या वस्तीतले दोन प्रतिष्ठित पंच हवेत, त्यात किमान एक बाई. पथकासोबत किमान दोन महिला पोलीस हव्यात. बायकांची चौकशी महिला पोलिसांनीच करायची. नियम शहाणपणाचे आहेत. पण रात्री अकरा वाजता प्रतिष्ठित पंच कुठून येणार? मग नेहमीचेच पंच येतात, ज्यांच्या सह्या ठाण्यातल्या दहा पंचनाम्यांवर असतात. चार वर्षांनी कोर्टात ते म्हणतात, मला काही आठवत नाही. केस पडते.

घरवाली सुटते.

छाप्यातून आणलेल्या बाईला डॉक्टरपुढं उभं करतात. वय ठरवायला, जखमा पाहायला, गुप्तरोग आहे का ते तपासायला. हे सगळं कलम १५ मध्ये आहे. वय तपासायला हवंच, अल्पवयीन मुलगी सुटता कामा नये. हाडांच्या चाचणीत दोन वर्षं इकडची तिकडं होतात हेही कोर्टांना ठाऊक आहे, तो भाग सोडा. रोगाची तपासणी मात्र फक्त तिची होते. तो रोग घेऊन आलेला आणि घेऊन गेलेला, दोघंही तेव्हा लोकलमध्ये बसलेले असतात.

मग तिला मॅजिस्ट्रेटपुढं नेतात आणि कलम १७ लागतं. इथं जरा थांबतो, कारण सगळा कायदा या एका ठिकाणी उघडा पडतो.

चौकशी होईपर्यंत तीन आठवड्यांपर्यंत सुरक्षित ताबा. चौकशीनंतर मॅजिस्ट्रेटला वाटलं, तर संरक्षणगृहात रवानगी. किती काळ? कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षं.

आता कलम ३ काढा. कुंटणखाना चालवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला किती? कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षं.

एकच मोजपट्टी. एक वर्ष ते तीन वर्षं. ज्यानं कुंटणखाना चालवला त्याला आणि जिला तिथून सोडवलं तिला.

फरक आहे, तोही सांगतो. त्याच्यावर आरोपपत्र येतं, त्याला वकील मिळतो, साक्षीदारांची उलटतपासणी होते, गुन्हा सिद्ध व्हावा लागतो, तोवर तो जामिनावर हिंडतो. तिच्यावर कुठलाच आरोप नसतो, त्यामुळे सिद्ध करायचंही काही नसतं. परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल येतो, घरची परिस्थिती बरी नाही असं त्यात लिहिलेलं असतं. घरची परिस्थिती बरी असती तर ती तिथं असती का?

सप्टेंबर २०१९. मुंबईत मालाडला एका गेस्ट हाऊसवर छापा. विशीतल्या तीन तरुणी, उत्तर प्रदेशातल्या, तिघी सज्ञान. पीडित म्हणून नोंद झाली आणि वसतिगृहात रवानगी झाली. त्यांच्या आया त्यांना न्यायला आल्या. मॅजिस्ट्रेटनं ताबा दिला नाही. कारण काय, तर या मुली बेडिया समाजाच्या, त्या समाजात हीच रीत आहे, आईकडं दिल्या तर पुन्हा तेच होईल. म्हणून त्यांना वर्षभर उत्तर प्रदेशातल्या संस्थेत ठेवायचा हुकूम झाला. सत्र न्यायालयानं तो कायम ठेवला. जात विचारून सुटका करायची की नाही ते ठरलं, आणि हे घडलं मुंबईत.

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी हे हुकूम रद्द केले. वेश्याव्यवसाय हा स्वतः गुन्हा नाही, सज्ञान बाईला तिचा व्यवसाय निवडायचा हक्क आहे, तिच्या संमतीशिवाय तिला डांबता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

कायद्यात जे १९५६ पासून लिहिलेलं होतं, ते उच्च न्यायालयाकडून वदवून घ्यायला तिघींचं वर्ष गेलं.

मग हा निकाल खालपर्यंत पोचला असेल ना? फेब्रुवारी २०२३, मुलुंड. छापा पडला. चौतीस वर्षांची बाई, पदरात दोन लहान मुलं. मार्चमध्ये मॅजिस्ट्रेटनं एक वर्ष निवारागृहात ठेवायचा हुकूम दिला. सत्र न्यायालयात गेल्यावर तिची सुटका झाली आणि न्यायाधीशांना तेच वाक्य पुन्हा लिहावं लागलं: हे काम स्वतः गुन्हा नाही. मालाडपासून मुलुंड तासाभराच्या अंतरावर आहे. निकालाला अडीच वर्षं पुरली नाहीत.

या चौघींच्या पाठीशी कुणीतरी होतं, वकील होता, म्हणून त्या वर गेल्या. ज्या वर जात नाहीत त्यांचं नाव कुठल्याच निकालात येत नाही.

कायदा लागू झाला १ मे १९५८ रोजी. त्याच दिवशी अलाहाबाद उच्च न्यायालयात एक अर्ज आला. अर्जदार हुस्नाबाई, वय चोवीस. तिचं म्हणणं साधं होतं: राज्यघटनेनं व्यवसायाचा हक्क मलाही दिला आहे आणि हा कायदा तो काढून घेतो. अर्ज तांत्रिक कारणावर फेटाळला गेला. पण पहिल्याच दिवशी तिला कळलं होतं की हा कायदा कुणाच्या दारावर थाप मारणार आहे. दलालांपैकी कुणी त्या दिवशी कोर्टाची पायरी चढला होता का?

तिचा रोख ज्या कलमांवर होता, त्यातलं कलम २० आजही पुस्तकात आहे. मॅजिस्ट्रेट वेश्येला आपल्या हद्दीतून निघून जायला सांगू शकतो. साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयानं ते वैध ठरवलं. ती जाते. दुसऱ्या हद्दीत जाते. तिथंही मॅजिस्ट्रेट आहे.

कुणी म्हणेल, मग पोरींना विकतात ते चालू द्यायचं का? अजिबात नाही. नेपाळातून, बंगालमधून, बांगलादेशातून, आंध्र-कर्नाटकातून पोरी आणल्या जातात, नोकरीच्या, लग्नाच्या, सिनेमाच्या नावाखाली. सौंदत्तीला देवीला सोडलेल्या पोरी इथं पोचल्या, हे महाराष्ट्रानं डोळ्यांनी पाहिलंय. तेरा-चौदा वर्षांची पोर कोंडून ठेवणारा माणूस तुरुंगातच सडला पाहिजे. त्यासाठी पिटात डांबून ठेवण्याला सात वर्षांपासून पुढं शिक्षा आहे, मानवी व्यापाराचं कलम २०१३ मध्ये दंड संहितेत कडक झालं आणि आता न्याय संहितेतही आहे, पोक्सो आहे. हत्यारांची वाण नाही. मी विचारतो ते एवढंच, की हत्यारं ज्याच्यासाठी घडवली तो सापडतो किती वेळा?

फेब्रुवारी १९९६ आठवतं का? उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मुंबईच्या लालबत्ती वस्त्यांवर मोठे छापे पडले. चारशेहून जास्त मुली आणि बायका एका झटक्यात बाहेर काढल्या. जवळपास निम्म्या नेपाळच्या. सुटका तर झाली, पण त्यांना ठेवणार कुठं, याचा विचार छाप्याआधी कुणी केला नव्हता. सुधारगृहं भरून वाहिली. संमती न घेता एचआयव्हीच्या चाचण्या झाल्या. नेपाळ सरकारनं त्यांना परत घ्यायला महिनोन्महिने लावले. सोडवायला गेलेल्यांनी पोरींना एका कोंडवाड्यातून काढून दुसऱ्यात भरलं.

गोव्यात, जून २००४. वास्कोचा बायणा किनारा. उच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेऊन ऐन पावसाळ्यात वस्तीवर बुलडोझर फिरले. राहती घरं होती ती, त्यात मुलं होती, शाळेची दप्तरं होती. दुसऱ्या दिवशी किनारा मोकळा दिसला. धंदा थांबला का? तो लॉजमध्ये गेला, भाड्याच्या खोल्यांत गेला, फोनवर गेला. थांबलं ते आरोग्याचं काम. रोज वस्तीत जाऊन निरोध देणाऱ्या, औषधाला घेऊन जाणाऱ्या ताईंना आता बायका सापडेनात.

दलालाला सापडत होत्या.

नागपूर, ऑगस्ट २०२१. इतवारीची गंगा-जमुना वस्ती. पोलीस आयुक्तांचा आदेश निघाला, गल्ल्यांच्या तोंडाशी बॅरिकेड लागले, दारांवर पोलीस बसले. इथं अल्पवयीन मुली आणल्या जातात, असं पोलिसांचं म्हणणं होतं. आणत असतील. मग ज्यानं आणल्या त्याला धरा. पन्नाशीच्या बाईच्या चुलीपुढं बॅरिकेड कशाला? बायका रस्त्यावर उतरल्या. आम्ही जायचं कुठं, हा त्यांचा प्रश्न होता. मला तरी त्याचं सरकारी उत्तर वाचायला मिळालेलं नाही.

सांगलीच्या गोकुळनगरातल्या बायका हा प्रश्न पंचवीस-तीस वर्षं विचारतायत. 'संग्राम' संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये तिथं वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. याच बायकांनी आपल्या वस्तीत अल्पवयीन पोर आली तर आम्हीच ठाण्यात कळवतो, ही भूमिका घेतली. वस्तीत कोण नवी आली, कुणाबरोबर आली, रडते का, हे खबऱ्याआधी शेजारणीला कळतं. पोलिसांना खरंच दलाल हवा असेल तर याहून चांगली माहिती कोण देणार? पण माहिती देणारीलाच पुढच्या छाप्यात गाडीत घालणार असाल, तर ती तोंड का उघडेल? 'संग्राम'नं २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्या छाप्यांत उचललेल्या बायकांशी बोलून अहवाल काढला. बहुतेकींनी सांगितलं, आम्ही आमच्या मर्जीनं तिथं होतो, आम्हाला सोडवा असं आम्ही कुणाला म्हटलं नव्हतं.

१९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं घटनेच्या १४२ व्या कलमाखाली आदेश दिला. तो ज्या प्रकरणातून आला, त्याची सुरुवात १९९९ मध्ये कोलकात्यात झालेल्या एका बाईच्या खुनापासून आहे. ती हेच काम करायची. आदेशात काय आहे? या बायकांशी पोलीस क्रूरपणे वागतात, जणू त्यांना हक्कच नाहीत, म्हणून पोलिसांना संवेदनशील करा. त्यांच्यावर बलात्कार झाला तर इतर कुणाही बाईसारखी तातडीची मदत द्या. संरक्षणगृहांची पाहणी करा आणि मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांना मुदतीत सोडा. छाप्याच्या बातमीत त्यांची ओळख उघड होईल असं काही छापू नका. निरोध हा गुन्ह्याचा पुरावा धरू नका.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. एकीकडं सरकारचं एड्स नियंत्रण खातं निरोधचे डबे वस्तीत पोचवत होतं. दुसरीकडं सरकारचेच पोलीस तो डबा पंचनाम्यात लिहीत होते. पाकीट जवळ ठेवलं तर केस, नाही ठेवलं तर रोग. अनेक बायकांनी केस टाळली.

त्यांच्या मरणाचा पंचनामा झाला नाही.

हा आदेश न्यायालयानंच नेमलेल्या समितीच्या शिफारशींवर आधारलेला होता. तिच्या आणखी काही शिफारशी होत्या, त्यांवर केंद्र सरकारनं आक्षेप नोंदवले. बाई सज्ञान आहे आणि मर्जीनं आहे, मग पोलीस मधे येऊ नयेत, इतकं सोपं वाक्यही सरकारला जड गेलं. का जड जावं? मर्जी मान्य केली की मर्जीवर चालणारा हप्ता बंद पडतो, म्हणून?

आणि सरकारला या बायका दिसत नाहीत, असं कुणी म्हणू नये. २०२० मध्ये टाळेबंदीत वस्त्या उपाशी पडल्या. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ओळखपत्राचा हट्ट न धरता रेशन द्या. महाराष्ट्रानं ऑक्टोबर ते डिसेंबर महिन्याला ५,००० रुपये द्यायचं ठरवलं, मुलं शाळेत जाणाऱ्या आईला आणखी २,५००. चांगला निर्णय होता, मनापासून सांगतो. जिल्ह्याजिल्ह्यांत याद्या झाल्या. तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयाला बाई सापडली, तिचं खातं सापडलं, तिची मुलं मोजता आली.

मग तिच्या खोलीचा मालकच कसा सापडत नाही?

मालकाचं गणित वेगळंच आहे. कलम १८ खाली खोलीला सील लागतं, बाई बाहेर जाते, मुदत संपते, सील निघतं. जागा रिकामी. कामाठीपुऱ्यात आता म्हाडाचा पुनर्विकास येतोय. तिथल्या भाडेकरूंना घरं मिळतील, मिळायलाच हवीत. खाट भाड्यानं घेतलेल्या बाईचं नाव भाडेपावतीवर कधीच नव्हतं. जिच्या नावानं पावती करणं गुन्हा होता, तिच्याकडं पात्रतेसाठी पावती कुठून येणार?

तर कोण केव्हा घरी पोचलं? गिऱ्हाईक त्याच रात्री. पंच सह्या करून मध्यरात्री. घरवाली जामीन झाला की. मालक घरातून निघालाच नव्हता.

ती वर्षानं. संरक्षणगृहाचं दार उघडतं तेव्हा तिच्या खोलीला दुसरीचं कुलूप असतं. उचलीवरचं व्याज थांबलेलं नसतं, ते तिनं नसतानाचंही भरायचं असतं. छाप्यात तिच्या उशीखालचे पैसे गेले, मोबाईल गेला. पंचनाम्यात दोन्ही मुद्देमाल म्हणून लिहिलेत. मुलाला ज्या बोर्डिंगात ठेवलंय तिथला नंबर तिला पाठ नाही, तो मोबाईलमध्ये आहे. ती ठाण्यात विचारायला जाते. मुद्देमाल कोर्टात जमा आहे, केस संपल्यावर मिळेल, असं सांगतात. केस कधी संपणार?

मुख्य आरोपी फरार आहे.